जुन्या एबीएसवाल्या पिकअपची ब्रेक डिस्क बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मागची काही वर्षं माझ्या डबल केबिन पिकअपचं ब्रेकचं काम मी नागपूरजवळ वाडीला घराच्या अंगणातच करून राहिलोय, आणि ओळखीच्या, ओळखीच्यांच्या ओळखीच्या लोकांचे फोनवर तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाचं सगळं इथं लिहून ठेवतो. पुढं डिस्क, मागं ड्रम आणि एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असलेली कोणतीही जुनी पिकअप किंवा मोठी एसयूव्ही असो, यातलं बहुतेक लागू पडतं. जाडीचे आणि टॉर्कचे (नट-बोल्ट किती ताकदीने आवळायचा त्याचे) आकडे मात्र तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या, शेजाऱ्याच्या गाडीचे लावू नका.

१. दुकानदार रोटर म्हणतो, मिस्त्री डिस्क म्हणतो. दोन्ही एकच का?

एकच. चाकाबरोबर फिरणारी लोखंडी थाळी, जिला दोन्ही बाजूंनी पॅड दाबतात. पिकअपला पुढं बहुतेक जाळीवाली म्हणजे व्हेंटिलेटेड डिस्क असते, दोन थाळ्यांच्या मधे हवा जायला फटी असतात. मागून ड्रम असतो, ते प्रकरण वेगळं, त्याचं प्र. १६ मधे.

२. डिस्क संपली हे कसं समजायचं? वरून तर चकाचक दिसून राहिली.

चकाचक दिसण्याचा आणि जाडीचा काही संबंध नाही. डिस्कच्या कडेला किंवा मधल्या टोपीवर किमान जाडी कोरलेली असते, गंज पुसून बॅटरी मारून पाहा, दिसते. आता जाडी मोजायची तर साधा व्हर्नियर कडेवर लावून उपयोग नाही कारण कडेला न घासलेली धार उरलेली असते आणि माप जास्त दाखवतं, मायक्रोमीटरने आत, पॅड जिथं घासतो तिथं, चार-पाच जागी मोजा. किमान जाडीच्या खाली गेली की बदला, चर्चा नको. खोल खाचा, भेगा (केसाएवढ्या नव्हे, कडेपर्यंत गेलेल्या), निळे-जांभळे डाग, हेही बदलायचंच लक्षण.

३. एबीएस आहे म्हणून डिस्कचं काम वेगळं असतं का? आमचा मिस्त्री म्हणतो हात लावू नका, शोरूमला न्या.

नव्वद टक्के काम तेच आहे. फरक एवढाच की डिस्कच्या अगदी शेजारी एक सेन्सर बसलेला असतो, आणि तो हबवरच्या (डिस्क आणि चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) किंवा ॲक्सलवरच्या दातेरी रिंगकडे बघून चाक किती वेगात फिरतं ते मोजतो. सेन्सर आणि रिंगमधली फट साधारण एक मिलीमीटरच्या आसपास असते, म्हणजे पोस्टकार्डाच्या दोन-तीन घड्यांइतकी. हातोडी चुकून रिंगवर बसली, वायर ताणली गेली किंवा सेन्सरच्या खाली गंज फुगला की ती फट बिघडते. मी तर म्हणतो या अख्ख्या कामात शत्रू एकच, गंज. डिस्कच्या मागं गंज राहिला तर पेडल थरथरतं (प्र. १२) आणि सेन्सरच्या खाली राहिला तर एबीएस वेड्यासारखं वागतं (प्र. १४). बाकी नट-बोल्ट तर कोणीही उघडतो.

४. ब्रेक मारला की पायाखाली पेडल थडथडतं. हे एबीएस आहे की डिस्क वाकडी झाली?

हलक्या ब्रेकला, कोरड्या रस्त्यावर, ८० वरून ६० वर येताना थडथडत असेल आणि वेग कमी होईल तसं ते थडथडणंही हळू होत जात असेल तर डिस्क. स्टीअरिंगही हलत असेल तर पुढचीच. जोरात ब्रेक मारल्यावर, ओल्यात किंवा गिट्टीवर, पेडल भराभर आपटल्यासारखं होतं आणि बोनेटखालून घरघर ऐकू येते ते एबीएस, आणि ते त्याचं काम करून राहिलं, पाय काढू नका, दाबून ठेवा. तिसरा प्रकार म्हणजे अगदी थांबता थांबता, ५ ते १० च्या वेगात, हलक्या ब्रेकलाही करकर. तो प्र. १४ मधे.

५. नवीन घ्यायच्या ऐवजी लेथवर फेसिंग करून घेतलं तर चालेल का?

फेसिंग म्हणजे डिस्कचा वरचा थर कापून ती सपाट करणं. ते झाल्यावरही किमान जाडीच्या वर राहात असेल तर चालतं. पण जुन्या पिकअपच्या डिस्क बहुतेक आधीच एकदा फेसिंग झालेल्या असतात, आणि लेथवर डिस्क नीट मध्यावर धरली नाही तर मिस्त्री तुम्हाला नवीन लहर कापून देतो. पातळ डिस्क लवकर तापते हेही आहेच. माल वाहणाऱ्या गाडीला मी नवीनच टाकतो.

६. एकाच बाजूची खराब आहे, एकच बदलू का? पॅड तर अजून अर्धे आहेत.

नाही. एका ॲक्सलच्या दोन्ही डिस्क आणि चारही पॅड सोबत. जुन्या पॅडवर जुन्या डिस्कच्या खाचा उमटलेल्या असतात, ते नव्या सपाट डिस्कवर फक्त उंचवट्यांवर टेकतात, तेवढीच जागा तापते आणि गाडी एका अंगाला ओढते.

७. सामान काय काय घेऊन बसायचं?

जॅक, दोन मजबूत स्टँड आणि मागच्या चाकाला लावायला दोन ठोकळे, हे आधी. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून हात आत घालायचा नाही, विटांवर तर अजिबात नाही. मग पाने, टॉर्क रेंच, तारेचा ब्रश, १२० नंबरचा पॉलिश पेपर, ब्रेक क्लीनरचा डबा, ब्रेक ऑइलची सीलबंद बाटली (कोणतं ते प्र. ११ मधे), पारदर्शक नळी, कॅलिपरच्या (पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग) पिनांना लावायचं सिलिकॉनचं ग्रीस, आणि कॅलिपर टांगायला तार. डायल गेज (डिस्क फिरताना किती डुलते ते काट्यावर दाखवणारं माप) चुंबकी स्टँडसह मिळाला तर सोनंच, लेथवाल्याकडून एका दिवसासाठी मागा, देतात. पॅडची धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा, जुन्या लायनरमधे ॲस्बेस्टॉस असू शकतो आणि तो फुप्फुसात गेला की निघत नाही.

८. क्रमाने सांगा ना भाऊ, पहिल्यांदाच करून राहिलो.

गाडी सपाट जागी, गिअरमधे, मागच्या चाकाला ठोकळे. चाकाचे नट जमिनीवरच अर्धा आटा ढिले करा, मग जॅक, मग चेसिसखाली स्टँड, मग चाक. आधी सेन्सरची वायर कुठून कुठं जाते, कोणत्या क्लिपमधे अडकलीय त्याचा मोबाइलवर फोटो काढा, परत लावताना हाच फोटो कामी येतो. कॅलिपरमधला पॅड दाबणारा पिस्टन मागं ढकला (प्र. १०), कॅलिपरचे दोन बोल्ट काढा आणि कॅलिपर तारेने स्प्रिंगला टांगा. ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर म्हणजे होजवर लटकवू नका, बाहेरून होज चांगला दिसतो आणि आतून फाटतो. मग कॅलिपरचा ब्रॅकेट काढा, त्याचे बोल्ट घट्ट असतात. मग डिस्क.

डिस्क निघाली की घाई थांबवा. इथूनच खरं काम चालू होतं. हबचा चेहरा, म्हणजे डिस्क जिथं टेकते ती जागा, स्टडच्या (चाकाचे नट ज्यावर बसतात ते बोल्ट) बुडापर्यंत तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने खरडून काढा, बोटाचं नख फिरवा, कुठं अडकलं की परत घासा, चांदीसारखं लोखंड दिसेपर्यंत. रिंग आणि सेन्सरवर फडकं झाका, नाहीतर भुसा तिथं चिकटतो. नव्या डिस्कला गंज लागू नये म्हणून तेलाचा हात असतो, तो दोन्ही बाजूंनी ब्रेक क्लीनरने धुवा, पुसलेलं फडकं पांढरं राहीपर्यंत. डिस्क चढवा, चाकाचे नट उलटे लावून सगळीकडून सारख्या ताकदीने कसा आणि डायल गेज कडेपासून साधारण १० मिलीमीटर आत टेकवून डिस्क एक फेरी फिरवा. काटा ०.०५ मिलीमीटरच्या आत हलला तर झकास, ०.१ च्या वर गेला तर डिस्क काढून एक स्टड पुढं सरकवून परत बसवा, तरी तेच तर हब परत साफ करा.

मग ब्रॅकेट, पिना साफ करून ग्रीस, नवे पॅड, कॅलिपर, सगळं टॉर्कने. आणि गाडी हलवायच्या आधी, स्टँडवरच, पेडल दाबत राहा, कडक होईपर्यंत. पिस्टन मागं गेलेला असतो, पहिले चार-पाच दाब नुसते रिकामे जातात. हे विसरून गाडी गेटबाहेर काढली तर ब्रेकच नसतात.

९. डिस्क हबला अशी चिकटलीय की हलतच नाही. घण मारू का?

आधी पाहा की डिस्कवर छोटा स्टार स्क्रू आहे का, तो राहून गेला तर वर्षभर ठोकलं तरी निघणार नाही. त्यानंतर पाहा की टोपीवर दोन आटेवाली भोकं आहेत का, बहुतेक एम ८ ची असतात, त्यात दोन बोल्ट आळीपाळीने अर्धा अर्धा आटा फिरवत गेलं की डिस्क स्वतःच टक् आवाज करून सुटते. भोकं नसली तर गंज सोडवायचं तेल मधल्या कडेला मारून अर्धा तास थांबा (पॅडच्या जागेवर नाही), मग रबरी हातोडीने दोन स्टडच्या मधे, फिरवत फिरवत. डिस्क जाणारच असेल तर तिच्यावर लोखंडी हातोडी चालते पण मागून, रिंगच्या बाजूने, कधीच नाही. रिंगचा एक दात वाकला की तेवढ्यासाठी अख्खा हब बदलायची वेळ येऊ शकते. आणि बेअरिंगलाही ते ठोके लागतात, महिन्याभरात घुमायला लागते.

१०. पिस्टन मागं ढकलताना ब्लीडिंग निपल उघडायचं का?

मी उघडतो. निपल म्हणजे कॅलिपरवरचा ऑइल आणि हवा बाहेर सोडायचा छोटा स्क्रू. निपलला नळी लावून बाटलीत सोडा, निपल अर्धा आटा उघडा, पिस्टन दाबा, पिस्टन सोडायच्या आधी निपल बंद. कारण कॅलिपरमधलं ऑइल सगळ्यात घाण, सगळ्यात जास्त तापलेलं, आणि ते उलटं ढकललं तर ते एबीएसच्या ब्लॉकमधे (ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा भाग) जातं जिथं केसाएवढ्या वाटांचे व्हॉल्व्ह असतात. काही जुने मिस्त्री म्हणतात गरज नाही, आणि ऑइल वेळेवर बदललं असेल तर ते चुकीचे नाहीत. पण जुन्या घेतलेल्या गाडीचं ऑइल शेवटचं कधी बदललं हे सांगणारं कोणी नसतं, आणि ब्लॉकचा खर्च अख्ख्या ब्रेकच्या कामापेक्षा जास्त आहे.

११. डिस्क बदलल्यावर हवा काढावी लागते का? एबीएसला स्कॅनर लागतो म्हणतात. आणि ऑइल डॉट ३ की डॉट ४?

होज उघडला नसेल आणि टाकी रिकामी झाली नसेल तर हवा गेलीच नाही, काढायची गरज नाही. साधा ऑइल बदल नेहमीच्या पद्धतीने होतो, एकाने पेडल दाबायचं, एकाने निपल. स्कॅनर तेव्हा लागतो जेव्हा टाकी कोरडी पडून हवा एबीएसच्या ब्लॉकमधे शिरते, मग स्कॅनरने पंप आणि व्हॉल्व्ह चालवून ती बाहेर काढावी लागते. म्हणून टाकीकडे दर दहा दाबांनी एकदा पाहाच.

ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलेलं तेच. डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालतं, उलटं करू नका. नवीन डॉट ४ किमान २३० डिग्रीला उकळतं, पाणी शोषलेलं १५५ ला, आणि डॉट ३ चे हेच आकडे २०५ आणि १४०. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच ४५ च्या पुढं जातं, गाडीत संत्र्याचे क्रेट भरलेले आणि समोर उतार, तेव्हा हा फरक पायाला कळतो. डॉट ५ वेगळंच आहे, सिलिकॉनचं, ते एबीएसमधे टाकायचं नाही.

१२. नवीन डिस्क टाकली, पंधरा दिवस मस्त, मग परत थरथर. डुप्लिकेट माल मिळाला का?

माल डुप्लिकेट असू शकतो, पण मला आलेल्या दहांतल्या आठ तक्रारी त्यामुळे नसतात. माझ्याच गाडीचं सांगतो. नोव्हेंबरमधे काटोलहून आंबिया बहाराची संत्री भरून कळमन्याच्या मार्केटला येत होतो, काटोल नाक्याच्या आधी सिग्नल दिसला, ब्रेक लावला तर स्टीअरिंग हातात नाचायला लागलं. डिस्क फक्त अडीच हजार किलोमीटरच्या. एका गॅरेजमधे टाकून घेतल्या होत्या. घरी येऊन उघडली तर डिस्कच्या मागच्या बाजूला, हबला जिथं टेकते तिथं, अर्ध्या चंद्रासारखा तपकिरी पट्टा, बाकी अर्धा कोरा. म्हणजे हबवरचा गंज काढलाच नव्हता, डिस्क त्याच्यावरच चढवली आणि वरून इम्पॅक्ट गनने नट आवळले.

आता गणित पाहा. हबवर कडेला ०.०५ मिलीमीटरचा गंजाचा कण राहिला तर डिस्क तिरपी बसते, आणि डिस्क हबपेक्षा साधारण दुप्पट रुंद म्हणून बाहेरच्या कडेला तोच फरक ०.१ होतो. सुरुवातीला काहीच कळत नाही. पण ब्रेक न दाबतासुद्धा दर फेरीला तो उंच भाग पॅडला घासत जातो, तिथं डिस्क पातळ होत जाते किंवा पॅडचा थर चिकटत जातो, आणि दोन-तीन हजार किलोमीटरमधे जाडीत दोन-तीन शतांश मिलीमीटरचा फरक पडला की पेडलला कळतं. लोक म्हणतात डिस्क वाकली. डिस्क वाकत नाही, ती एकसारखी जाड राहिलेली नसते. म्हणून नवीन डिस्क घेऊन परत त्याच गंजावर बसवली तर परत तेच. मी हब साफ करून, नट हाताने आणि टॉर्क रेंचने क्रॉस पद्धतीने आवळून बसवल्यापासून त्या गाडीत थरथर आलेली नाही.

१३. डिस्क बदलल्यापासून एबीएसचा लाइट जातच नाही.

आधी थोडी चालवून पाहा, बऱ्याच गाड्यांत चाकांचा वेग दिसल्यावरच लाइट जातो. नाही गेला तर स्कॅनरच्या आधी डोळे वापरा: सेन्सरचा प्लग टक् आवाज करून बसला का, स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवल्यावर वायर ताणते का (प्र. ८ मधे काढलेला फोटो पाहा), रिंगचा दात मोडला का, रिंगला भुसा चिकटला का. जुन्या दोन वायरच्या चुंबकी सेन्सरचं रेझिस्टन्स मल्टिमीटरने मोजता येतं, बहुतेक एक-दोन हजार ओहमच्या घरात, डाव्या-उजव्याचं जुळलं पाहिजे. नवीन प्रकारच्या सेन्सरवर ओहम मोजायला जाऊ नका, तो मोजूनच खराब होऊ शकतो. आणि स्कॅनर घेताना विचारून घ्या की एबीएसचे कोड दिसतात का, स्वस्तातले ब्लूटूथवाले बहुतेक फक्त इंजिनचे दाखवतात.

१४. लाइट नाही, काहीच नाही, पण थांबता थांबता करकर करून पेडल खाली जातं.

हे घाबरवणारं आहे आणि दुर्लक्ष करायचं नाही, कारण शेवटच्या चार फुटांत ब्रेक सुटल्यासारखा वाटतो आणि समोर कोणाची तरी दुचाकी असते. हळू वेगात सेन्सरचा सिग्नल आधीच कमजोर असतो, त्यात सेन्सरच्या बुडाखाली गंज फुगून सेन्सर थोडा वर उचलला गेला की सिग्नल अधूनमधून तुटतो, कॉम्प्युटरला वाटतं चाक लॉक झालं, आणि तो ब्रेक सोडतो. सिग्नल पूर्ण जात नाही म्हणून लाइट लागत नाही. उपाय: सेन्सर काढा (प्र. १५), त्याची बैठक पॉलिश पेपरने लोखंडापर्यंत साफ करा, हलकं ग्रीस, परत बसवा. रिंगला बारीक तडा गेला असेल तरीही हेच लक्षण येतं, तीही एक फेरी फिरवून पाहा.

१५. सेन्सर भोकात जाम आहे, बोल्ट निघाला पण सेन्सर नाही. आणि डिस्क हबच्या मागं असेल तर काय?

ओढू नका, पान्याने उचकटू नका, प्लास्टिक तुटून अर्धं आतच राहतं. गंज सोडवायचं तेल रात्रभर, मग डावीकडे-उजवीकडे पिळून. निघतच नसेल आणि प्र. १४ ची तक्रार नसेल तर आत राहू द्या, वायर क्लिपमधून सोडवून बाजूला बांधा.

डिस्क हबच्या मागं असली तर हब बाहेर काढावा लागतो आणि तिथं दोन प्रकार आहेत. कोनवाली बेअरिंग असेल तर तीही धुवून, नवीन ग्रीस भरून, सील नवं, नट मॅन्युअलप्रमाणे कसून परत सोडायचा आणि स्प्लिट पिन नवी, जुनी सरळ करून परत घालायची नाही. बंद बेअरिंगचा हब असेल तर तो उघडायचा नाही, आणि त्याच्या सीलमधे चुंबकी पट्टी असेल तर ती बाजू चुंबकी ट्रेमधे ठेवायची नाही. काही गाड्यांत रिंग डिस्कवरच किंवा हबवर दाबून बसवलेली असते आणि नवीन डिस्क रिंगशिवाय येते. दुकानातून निघायच्या आधी दात मोजा, जुन्या-नव्याचे सारखेच पाहिजेत.

१६. पुढच्या डिस्क फार लवकर संपून राहिल्या. वीस हजारात दुसऱ्यांदा.

मागचे ड्रम पाहा. लायनर ॲडजस्ट नसले तर मागचा ब्रेक नावालाच, सगळं ओझं पुढच्या डिस्कवर. पिकअपला मागच्या ॲक्सलजवळ लोडप्रमाणे ब्रेक कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असेल तर त्याचा दांडा गंजून अडकलेला असतो, किंवा कोणीतरी स्प्रिंगचे जास्त पट्टे टाकून मागून गाडी उचललेली असते, मग व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे.

१७. नवीन डिस्क-पॅड बसवल्यावर लगेच लोड टाकू का?

आधी बसू द्या. सकाळी सहाला रिकामा रस्ता पाहा, मी हिंगणा एमआयडीसीच्या बाजूला जातो. ६० वरून १५ पर्यंत मध्यम ब्रेक, आठ-दहा वेळा, मधे थोडं अंतर, पूर्ण थांबायचं नाही, मग दहा मिनिटं ब्रेक न लावता चालवून थंड. गरम डिस्कवर पॅड दाबून उभं राहिलं की तिथेच पॅडचा ठसा उमटतो. समृद्धीवर हे करू नका, मागून १२० ने येणाऱ्याला तुमचा प्रयोग माहीत नसतो. चिखलदऱ्याच्या घाटातून आल्या आल्या डिस्कवर पाणी मारणं, हेही बंद करा.

१८. २३ सप्टेंबर २०२३ च्या पुरात अंबाझरीकडे गाडी चाकं बुडेपर्यंत उभी होती. तेव्हापासून ब्रेक खरखरतात.

वरचा गंज दोन दिवसांत पॅडच घासून काढतो. पण पॅडच्या आकाराचा खड्डेदार ठसा राहिला असेल तर डिस्क गेली. त्यासोबत कॅलिपरच्या पिना, बेअरिंगचं ग्रीस, मागच्या ड्रममधला चिखल, सेन्सरच्या प्लगमधला हिरवा गंज आणि ब्रेक ऑइल, हे सगळं एकदा उघडून पाहाच, पाणी तिथंही गेलेलं असतं.

१९. एबीएस त्रास देतं म्हणून फ्यूज काढून चालवू का? पूर्वीच्या गाड्यांना कुठं होतं.

पूर्वीच्या गाड्यांना नव्हतं पण त्या तशा बनवलेल्या होत्या. बऱ्याच एबीएस गाड्यांत मागच्या चाकाला किती ब्रेक द्यायचा हेसुद्धा तोच कॉम्प्युटर ठरवतो. फ्यूज काढला की तेही गेलं. आता कळमन्याला माल उतरवून रिकामी पिकअप पावसात कामठी रोडने परत येऊन राहिली, मागं वजन नाही, समोर गाय आली, जोरात ब्रेक, मागची चाकं पुढच्यांच्या आधी लॉक आणि गाडी आडवी. मुळातला दोष बहुतेक वेळा सेन्सरच्या बुडाखालचा गंजच असतो आणि तो काढायला एक पॉलिश पेपर आणि एक सकाळ पुरते. फ्यूज परत लावा आणि प्र. १४ पासून सुरुवात करा.